सबस्क्राइबर मोजणाऱ्या दोस्तांस

दोस्तांनो, चॅनल काढलं की आपल्यात पहिला प्रश्न काय विचारतात? 'किती झाले?' काय बोललास, कुणाबद्दल बोललास, कुणाला ते झोंबलं, हे सगळं नंतर. आधी आकडा. आकडा हजाराखाली असला की विचारणारा अशी मान हलवतो, जणू घरात कुणी आजारी आहे. दहा हजारांवर असला की तोच गडी खांद्यावर हात टाकून चहा सांगतो. मी खारघरात राहतो. इथं सेक्टरागणिक चॅनलं आहेत. फ्लॅट विकणाऱ्यांची, मोमो खाणाऱ्यांची, सेंट्रल पार्कात नाचणाऱ्यांची, पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्याखाली जीव धोक्यात घालणाऱ्यांची. संध्याकाळी उत्सव चौकात उभं राहिलं की माणसं कमी आणि काठीला लावलेले मोबाईल जास्त, असं वाटतं. या गर्दीत आपली पोरंही उतरलीत. उतरू देत. उतरलीच पाहिजेत. पण आपण कशासाठी उतरलो आणि कुणाच्या नियमानं खेळतोय, याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून हे लिहितो.

आधी आपल्यातल्या सोवळ्या मंडळींचा समाचार घेतो. हे म्हणतात, आकडा म्हणजे बाजार. चळवळीनं आकड्याच्या मागं लागू नये. आपण आपलं खरं बोलत राहावं, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. च्यायला, हे वाक्य फक्त त्यालाच परवडतं ज्याचं सगळं जग आधीच ऐकतंय! ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं, तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून पत्राला हातपाय फुटले. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनला शिकायला गेले आणि तीनेक वर्षांत पत्र बंद पडलं. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढलं. रकानेच्या रकाने एकट्यानं लिहिले, वर्गणीसाठी वाचकांपुढं हात पसरला. १९२९ च्या अखेरीस तेही पैशापायी थांबलं. मग १९३० ला 'जनता', आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचंच नाव 'प्रबुद्ध भारत'. एवढा मोठा माणूस पुन्हा पुन्हा पत्र काढतो, बुडतं, परत काढतो. वर्गणीदार किती, छपाईचं बिल किती, हे त्यांनी मोजलं नसेल? मोजलंच. आकड्याची लाज बाळगणं हे आपलं तत्त्वज्ञान नव्हे, ती पोट भरलेल्यांची चैन आहे.

आणि आजची स्थिती शंभर वर्षांनी फार पालटली असं समजू नका. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीनं देशातल्या माध्यमांची जातवार पाहणी केली. संपादकपदासारख्या वरच्या १२१ जागा तपासल्या. त्यातल्या १०६ सवर्णांकडे. दलित-आदिवासी एकही नाही. शून्य. म्हणून आपल्याला चॅनल पाहिजे. हौस म्हणून नव्हे, दुसरा दरवाजा उघडत नाही म्हणून. २०११-१२ च्या सुमाराला हैदराबादेत शिकणाऱ्या दलित पोरांनी 'दलित कॅमेरा' यूट्यूबवर सुरू केला तो याच तिडिकीतून. ३१ जानेवारी २०२१ ला मीना कोतवालांनी जुनं नाव नव्यानं उचलून 'द मूकनायक' सुरू केलं तेही यातूनच.

तेव्हा आकडा पाहिजे, हे ठरलं. आता तो आकडा कुणाचा, ते बघू.

हे यंत्र कसं चालतं ते आपल्या निम्म्या पोरांना माहीत नाही. १४ एप्रिलला मंडपात उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याचा फोन हातात घ्यायचा, सबस्क्राइब दाबायचं आणि 'जयभीम' म्हणून फोन परत द्यायचा. एका दिवसात पाचशे झाले म्हणून नाचायचं. अरे लेकांनो, यूट्यूबनं २०१२ पासून हिशेबच बदललाय. किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ बघितलं, याला वजन आलं. त्या पाचशे जणांनी पुढचा व्हिडिओ उघडलाच नाही, किंवा उघडून दहा सेकंदांत सोडला, की यंत्र समजतं, हा माल नकोसा आहे. मग ज्याला खरंच हवा होता त्याच्यासमोरही ते तो ठेवत नाही. मंडपातले पाचशे आपले पाय खेचतात! जयंतीची गर्दी यंत्राला कळत नाही, त्याला फक्त कंटाळा कळतो.

आणखी गणित ऐका. जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला २०१८ पासून अट आहे ती हजार सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास बघितलं जाण्याची. हजार तर आपली एक वस्ती देईल. पण चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. तुमचा व्हिडिओ दहा मिनिटांचा आणि माणूस सरासरी चार मिनिटं टिकला, तर वर्षात साठ हजार वेळा तो बघितला गेला पाहिजे. नाहीतर दुसरा रस्ता: तुकड्याएवढे शॉर्ट्स करायचे आणि नव्वद दिवसांत एक कोटी वेळा बघवायचे. एवढं करून पैसा आला तर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, ४५ कंपनीचे. शॉर्ट्सच्या वाट्यात उलटं, ४५ तुमचे. अर्धेलीनं जमीन कसणाऱ्या आपल्या आज्ज्याला हे गणित तोंडपाठ होतं. फरक एवढाच की त्याला मालकाचं तोंड ओळखता यायचं. आणि मजा बघा, जातीच्या जाचावर आपण पंधरा मिनिटं घसा फोडायचा आणि त्याच्याआधी जाहिरात कुठली? पोटजातीप्रमाणे स्थळं जुळवून देणाऱ्या संस्थेची! ही मी स्वतः बघितलीय. हसावं का रडावं कळेना, शेवटी हसलोच.

या गणितातून पोरं काय शिकली? आरडाओरडा शिकली. लाल बाण, पिवळी अक्षरं, कुणाचं तरी उघडं तोंड, आणि वर 'अमक्याला धुतला', 'तमक्याची बोलती बंद'. धुतलेला अमका दुसऱ्या दिवशी इस्त्री करून फिरत असतो. आणि बहुतेक वेळा हा अमका कोण? आपलाच. आपल्याच दुसऱ्या गटाचा. कारण आपल्या गटबाजीला गिऱ्हाईक आहे, हे यंत्राला आपल्याआधी कळलं. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे मोजता मोजता एक पिढी म्हातारी झाली. आता त्या तुकड्यांचे तुकडे शॉर्ट्समध्ये विकले जातायत, आणि बघणाऱ्यांत आपल्यापेक्षा आपली फजिती बघायला बसलेले जास्त. त्यांचा वेळ मोजून मालक खूश. तुमचा आकडा वाढला म्हणून तुम्ही खूश.

कुणी म्हणेल, गदारोळानंच तर माणसं जमतात. राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' आठवा. आठवतो ना. १५ ऑगस्ट १९७२ ची 'साधना'. त्याच वर्षीच्या २९ मे ला दलित पँथर उभी राहिली होती, आणि या एका लेखानं अख्ख्या महाराष्ट्राला तिच्याकडं वळून बघायला लावलं. पण तो गदारोळ कशावर होता? दलित बाईची अब्रू घेणाऱ्याला होणारी शिक्षा आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा यांचा जमाखर्च त्यात मांडला होता. शिवी होती, पण शिवीच्या पोटात पुरावा होता. तुम्ही पुरावा काढून टाकला आणि नुसती शिवी ठेवलीत. तिला रोज नवी लागते, कालची आज चालत नाही.

याच्याहून वाईट एक गोष्ट आहे, ती स्पष्ट बोलतो. अत्याचाराचं चित्र. गावात काही घडलं की आपली चॅनलं पहिल्यांदा प्रेताचा फोटो शोधतात. कारण फोटोवर माणूस थांबतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. मोठ्या वृत्तपत्रांनी आठवडेच्या आठवडे ती बातमी धड दिली नाही, आपल्याच कार्यकर्त्यांनी कागदपत्रं आणि फोटो हातोहात फिरवले तेव्हा नोव्हेंबरात महाराष्ट्र पेटला. त्या वेळी ते फोटो दाखवणं भाग होतं, कारण घटना घडलीच नाही असं दडपायचं चाललं होतं. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उन्यात चौघा दलित पोरांना मारलं, तो व्हिडिओ तर मारणाऱ्यांनीच काढला, फुशारकीनं पसरवला. तोच त्यांच्यावर उलटला आणि मेलेली जनावरं ओढणार नाही म्हणून गुजरातचा दलित रस्त्यावर आला. म्हणजे चित्राला ताकद आहे, मी नाही म्हणत नाही. पण आज, जेव्हा घटना सगळ्यांना माहीत झालीय, गुन्हा नोंदला गेलाय, तेव्हा त्या पोरीचा चेहरा तुमच्या थंबनेलवर कशाला? तिचं नाव कशाला? बलात्कारित बाईची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. लहान मुलांबाबत बालन्याय कायद्याचं कलम ७४ आहे. आपली पोरं त्वेषात नाव सांगून मोकळी होतात आणि केस लढणाऱ्या वकिलाच्या डोक्याला ताप करून ठेवतात. कायदा बाजूला ठेवा. तिची आई तो व्हिडिओ बघते. तिच्या फोनवरही यंत्र तो पाठवतं.

आता खारघरची गोष्ट. प्रेक्षक म्हणजे काय हे मला सगळ्यात जास्त ज्या दिवसानं शिकवलं तो दिवस १६ एप्रिल २०२३. इथल्या कॉर्पोरेट पार्कच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण देण्याचा सोहळा झाला. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा आले, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आले. राज्यभरातून लाखो माणसं आली. मंचावर सावली होती. माणसं उन्हात होती. उष्माघातानं चौदा जणांचा जीव गेला. त्यांची नावं किती जणांना माहीत आहेत? तो सोहळा सगळ्या वाहिन्यांनी थेट दाखवला, आणि माणसं कशी कोसळत होती ते पुढं लोकांच्या मोबाईलमधून बाहेर आलं.

यावर आपण दोन दिवस संतापलो आणि विसरलो. मला त्यातून दोन प्रश्न सुटत नाहीत. पहिला हा की एवढी माणसं जमली कशी? कुठल्या यंत्रानं जमवली नाहीत. नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये बैठका सुरू केल्या, तेव्हापासून आठवड्याच्या आठवड्याला, गावोगाव, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी माणसं बसत आलीत. आग्री-कोळी, कुणबी, आपल्या आसपासची कष्टकरी माणसं. त्यांचा विचार मला मान्य नाही, त्याचं इथं काम नाही. पण ठरल्या वेळी बसणं, न आलेल्याची चौकशी करणं, हे त्यांना जमलं आणि आपल्या विहारांतून ते निसटलं. आणि आपण फोनमध्ये बघून विचारतोय, व्ह्यूज का वाढत नाहीत!

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. जमवलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो? ज्यांनी मैदान भरलं त्यांनी उन्हाचा हिशेब करायला हवा होता. आपण जेव्हा म्हणतो, 'पन्नास हजार आपल्यासोबत', तेव्हा त्या पन्नास हजारांचं आपण काय करणार आहोत? त्यांचा वेळ घेतला. नव्वद सेकंद असोत की दहा मिनिटं, तो कामावरून थकून आलेल्या माणसाचा वेळ आहे. त्याच्या बदल्यात दिलं काय?

खारघरच्याच अंगाला आणखी एक पत्ता आहे, तळोजा मध्यवर्ती कारागृह. एल्गार परिषदेच्या खटल्यात कबीर कला मंचाचे सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सप्टेंबर २०२० मध्ये पकडलं आणि याच भिंतीआड ठेवलं. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भर जयंतीला, स्वाधीन झाले. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाला, याच तुरुंगातून जामिनावर सुटले. तारखा बघा कशा जुळून आल्या. शाहीर आत होते तेव्हा त्यांची गाणी बाहेर फोनवर वाजत होती. आकडा चढत होता. गाणाऱ्याला पत्ता नाही. आता मला सांगा, त्या गाण्यांखाली अंगठा दाबणाऱ्यांपैकी कोर्टाच्या तारखेला किती जण दारात उभे राहिले? शाहिराच्या घरी महिन्याचा किराणा किती जणांनी विचारला? काहींनी विचारला, त्यांना सलाम. पण अंगठे आणि पावलं यांच्यातलं अंतर केवढं आहे, ते ज्याला मोजायचंय त्यानं पेंधरच्या बाजूनं एकदा त्या भिंतीपर्यंत चालत जावं.

आपली परंपरा पावलांची होती. आंबेडकरी जलसा गावात आला की चावडीपासून लांब, आपल्या वाड्यात कंदिलाखाली माणसं बसायची. भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंत शाहिरांनी पायाला भिंगरी लावून श्रोता घडवला. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातली भीमगीतं ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या फुटपाथवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर विकत मिळायची आणि परत जाणाऱ्या गाडीतून थेट खेड्यात पोचायची. कुठल्या रेडिओवाल्याला विचारावं लागलं नाही. आपलं वितरण हे नेहमी यात्रेसारखं होतं, माणसाच्या पिशवीतून. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात तर आपल्या डोळ्यांदेखत मोबाईलमधून घराघरात गेल्या. कुणीतरी साधं चित्रण केलं, एकानं दुसऱ्याला पाठवलं, बस्स. ना लाल बाण ना पिवळी अक्षरं. आवाज खरा होता. आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' घ्या. ११ जुलै १९९७ ला रमाबाईनगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, ते पाहून शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला, तिथून ते चित्रण सुरू झालं आणि सिनेमा पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. तीन तासांच्या वर आहे. वस्त्यांत पडदा बांधून दाखवला तेव्हा माणसं मांडी घालून शेवटपर्यंत बसली. मग आपल्या लोकांना लांब बघवत नाही, त्यांना तीस सेकंदांचंच लागतं, हे कुणी पसरवलं?

पडद्यावरून आठवलं. एका फोनवर पाच जण बघतात. झोपडीत, नाक्यावर, पाळी संपल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये. यंत्र मोजतं एक. आम्ही परवा चादर ताणून प्रोजेक्टरवर आमचा व्हिडिओ दाखवला, शंभरेक माणूस होतं, लहान पोरं धरून. यंत्रानं मोजलं एक. आपला प्रेक्षक जनगणनेत कमी भरतो ही काय नवी गोष्ट आहे! तेव्हा स्वतःची वही ठेवा. कुठं दाखवलं, किती बसले, किती मधे उठले, काय विचारलं. मधे कधी उठले हे जरूर लिहा, त्यात चाट पडण्यासारखं बरंच सापडतं. आमच्याकडं बायका उठतात ते नेमकं पाहुणे वक्ते 'या ठिकाणी' म्हणायला लागतात तेव्हा.

आणि जे बनवायचं ते कुणासाठी? खारघर म्हणजे निस्ते टॉवर नव्हेत. सिडकोनं १९७० पासून ही नवी मुंबई आखली, तिच्याखाली गावं गेली. कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे. टॉवरात भांडी घासणाऱ्या बायका याच गल्ल्यांतून भाड्यानं राहतात, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या. सकाळी नाक्यावर गवंडी-बिगारी उभे राहतात. टाटाच्या कर्करोग केंद्रात गावाकडून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं चार-चार महिने खोली शोधत फिरतात. वर टेकडीवर आदिवासी पाडे आहेत. यांच्यातला एक तरी आपल्या चॅनलवर कधी बोललाय? आपण बोलतो, त्यांच्याविषयी, बनियनवर निळा शर्ट घालून.

लोक फोनला काय विचारतात ते बघा. 'जात पडताळणी किती दिवसात मिळते.' 'शिष्यवृत्ती आली नाही काय करावे.' 'बार्टी फेलोशिप अर्ज.' या प्रश्नांची सरळ मराठीत, सहा मिनिटांत उत्तरं देणारा व्हिडिओ वर्षानुवर्षं बघितला जातो. भांडणाचा व्हिडिओ तीन दिवसांत मरतो. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, पण त्यात काय आहे हे आपल्या पोरांनाच पाठ नाही. २०१८ च्या कलम १८-अ नं गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज ठेवलेली नाही. ठाण्यात 'आधी चौकशी करू' म्हणाले तर हे कलम दाखवा. २०१६ पासून लागू असलेल्या कलम १५-अ नं पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क दिलाय, आणि त्याच्याच दहाव्या पोटकलमात लिहिलंय की या कायद्याखालच्या सुनावण्यांचं व्हिडिओ चित्रण झालं पाहिजे. घ्या! संसदेनं व्हिडिओ मागितलाय आणि आपण 'धुतला' करत बसलोय. १४५६६ हा अत्याचारविरोधी हेल्पलाइनचा नंबर डिसेंबर २०२१ पासून आहे. आपल्या किती व्हिडिओंच्या खाली तो आहे?

कॅमेरा कुणाच्या हातात, हेही एकदा भांडून घेऊ. आपल्या चॅनलवर पोरगा बोलतो, पोरगी ट्रायपॉड धरते. २००२ मध्ये बुंदेलखंडात चित्रकूटला 'खबर लहरिया' सुरू झालं, खेड्यातल्या बायकांनी, त्यातही दलित बायकांनी चालवलेलं. हाती छापलेल्या पत्रापासून त्या मोबाईल व्हिडिओपर्यंत आल्या. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्या गावात जाऊन प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत उभ्या राहतात. आपल्या शूर वीरांनी आधी हे बघावं, मग माईक हातात घ्यावा. माईकवरून सांगतो, चित्र थोडं अंधारं चालतं, आवाज फुटला की माणूस पळतो. महागडा कॅमेरा घेऊ नका. कॉलरला लावायचा साधा माईक घ्या. पहिल्या वाक्यात मुद्दा सांगा. 'नमस्कार मित्रांनो, व्हिडिओला लाइक करा' यात अर्धं मिनिट घालवू नका, तेवढ्यात बाईची भाजी करपते. वार ठरवा आणि मोडू नका. जे वस्तीत बोलता तसंच बोला.

शेवटी घर भाड्याचं आहे हे विसरू नका. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह एकोणसाठ अॅप बंद केले. खेड्यातल्या कितीतरी पोरापोरींचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. सप्टेंबरात त्याच जागी शॉर्ट्स आले, मालक बदलला. २०२४ च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या तोंडावर, 'बोलता हिंदुस्तान' यूट्यूबवरून उतरवलं गेलं आणि बहुजनांचं एवढं मोठं 'नॅशनल दस्तक', त्यालाही सरकारी आदेशाची नोटीस आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ हातात असलं की कारणसुद्धा चारचौघांत सांगावं लागत नाही. गाण्यावर कुण्या कंपनीनं हक्क सांगितला, नव्वद दिवसांत तीन वेळा ठपका बसला, तरी चॅनल जातं. मग ते गाणं तुमच्या आजीनं जात्यावर म्हटलेलं का असेना. म्हणून प्रत्येक व्हिडिओची प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा, दुसरी दुसऱ्याच्या घरी. बघणाऱ्यांचे फोन नंबर त्यांना विचारून वहीत लिहा. पैसे उघड मागा, दहा-वीस रुपये, आणि हिशेब भिंतीवर लावा. 'बहिष्कृत भारत'नं मागितले होते, आपल्याला कसली लाज?

आमच्यातली निम्मी पोरं अजून माझ्याशी भांडतायत. त्यांना रोज एक शॉर्ट पाहिजे. मी म्हटलं, करा, पण दर आठवड्याला एक व्हिडिओ असा की जो एखादी मावशी दुसऱ्या मावशीला स्वतःहून पाठवेल. या महिन्याचा ठरलाय: कोपरा गावातल्या चार कामवाल्या, सोसायट्यांतल्या वेगळ्या लिफ्टबद्दल. चेहरे त्यांनी सांगितले तरच दाखवायचे; सोसायटीचं नाव घेतलं तर काम कुणाचं जाईल, हेही त्यांनाच ठरवू द्यायचं. चित्रण दुपारी दोन ते चार, कारण त्याच वेळी त्या मोकळ्या असतात. तेव्हा मागून पेंधरकडं जाणारी मेट्रो वाजते, म्हणून खोलीच्या खिडकीला गोधडी लावायचीय. ज्याच्याकडं जाड गोधडी असेल त्यानं घेऊन यावी.